तारेवरचा हात

नात तारांना सोल्डरचा डाग देताना राळेचा वास दरवळला. "आजी, इथं बोट ठेव. हटवू नको हां!" ती म्हणाली. तिच्या सर्किटवरचा दिवा लागला.

माझ्या लहानपणी, मध्यभारत राज्याच्या दिवसांत, इंदूरचं रेडिओ केंद्र नवं असताना, दादानं बिनबॅटरीचा रेडिओ जोडला होता. महूच्या लष्करी भंगारातला हेडफोन आम्ही दोघं एकेका कानाला लावून बसलो, पण आवाज येईना. कपडे वाळत घालताना आईचा ओला हात अंगणात ताणलेल्या एरियलच्या तारेला लागला आणि गाणं उमटलं.

"आई, हात काढू नकोस!"

गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी. हेडफोन तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ती नुसती आमची तोंडं बघत होती. "संपलं? मग पोळ्यांना लागू?"

तेव्हा मला तिची दया आली होती.

आज दिवा लागला, तेव्हा मी नातीच्या तोंडाकडे बघत होते.