दोन्ही बाजूंनी मोजणाऱ्या बाई

“छान. आता उलट मोजा.”

कुणी चांगला आकडा घेऊन धावत आलं, की बाई मान वर न करता एवढंच म्हणायच्या. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. असेल, तर सांभाळा. आम्ही सांभाळलं नाही, आणि त्याचा संताप मला अजून आवरत नाही.

आमच्या संस्थेत सौरसेलवर संशोधन चालतं. सामान, कुलपं, वेळापत्रकं माझ्याकडे. बाई शास्त्रज्ञ, पण कंत्राटी. बिबवेवाडीहून स्कूटरवर यायच्या. खाली सिलिकॉनचा थर, वर पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या स्फटिकाचा, असा त्यांचा जोडसेल. मला समजावताना म्हणाल्या, “खालचा सरकारी नोकर, वरचा जावई. हुशार आहे, पण दमट हवा लागली की रुसतो. आणि दोघांत जो कमी कमावतो, त्याच्या मापानं घर चालतं.”

पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी कुणी खोलीत शिरलं, तर दारातच ऐकून घ्यायचं: “अहो, आपण बाहेरच वाळा.”

व्होल्टेज वरून खाली आणत मोजलं की त्या सेलचा आकडा, म्हणजे उजेडातली किती टक्के वीज हाती येते तो, फुगायचा. खालून वर नेलं की उतरायचा. उजेडात ठेवला तर आणखी घसरायचा. दोन थरांमधला जोड सुधारून हे अंतर मिटवायचं, एवढाच बाईंचा ध्यास होता. आणि ते मिटत आलं होतं.

संचालकांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी फुगलेला आकडा पत्रकारांसाठी काढला.

“सर, हा टिकत नाही,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, लोक मथळा वाचतात.”

“मग छपरावर मथळाच बसवा. वीज येते का बघू.”

आम्ही सगळे हसलो. हसलो, आणि गप्प बसलो. बाईंनी त्या आकड्याच्या शोधनिबंधावरचं आपलं नाव काढायला लावलं. पुढे त्यांचं कंत्राट वाढलं नाही. कारण विचारायला मी गेले, तर उत्तर मिळालं, “तुम्ही कुलपं बघा.”

संचालकांना शाल मिळाली, नारळ मिळाला. मग पाहुणे सेल बघायला आले. दिवा लागला, पडद्यावर आकडा झळकला, टाळ्या झाल्या. टाळ्या संपायच्या आत आकडा उतरायला लागला. संचालक माझ्या कानाशी आले. “पडदा बंद करा. वीज गेली म्हणून सांगा.” त्याच विजेवर डोक्यावरचा पंखा गरगरत होता.

मी पडदा बंद केला नाही. बाहेर येऊन बाईंना फोन लावला. त्या आता घरी शिकवण्या घेतात; मागे मुलांचा गलका चालला होता. मी रागारागाने सगळं सांगितलं. वाटलं, आज तरी त्या चार शब्द सुनावतील.

त्यांनी मुलांना गप्प केलं आणि विचारलं, “सावकाश उतरला, की एकदम?”

“सावकाश.”

“मग वाचेल हो तो,” बाई घाईने म्हणाल्या. “मधला थर फक्त थोडा पातळ...” आणि थांबल्या. कुणाला सांगायचं होतं ते? मला? माझ्या हातात कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा होता.