मासळीच्या वाळवणापाशी

मंडळी, आज सकाळच्या थंडीत कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या गावात मोबाईलवर फोटो काढत फिरलो.

किनाऱ्यावर एक आजी मासळी वाळत घालत होत्या. मी मोबाईल उचलताच कडाडल्या, “येणारे सगळे असेच, नाकाला रुमाल लावायचा नि फोटो काढायचा! चला, व्हा बाजूला.”

माफी मागायला जवळ गेलो. शेतातल्या खळ्यावर जाताना काढतो तशी सवयीने चप्पल काढली.

“अवो, काटे रुततील!”

“रुतू द्या, आजी. आमी हिंगोलीकडचे. अन्न पसरलेलं असलं की चप्पल घालून जात न्हाई.”

आजींनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाल्या, “काढ रे बाबा फोटो.”

मी माळकरी, मासळी खात नाही. तरी फोटोआधी त्या वाळवणाला हात जोडले. आपण जे खात नाही, त्या अन्नाला तुम्ही कधी हात जोडलेत का?