कुबडे मॅडमची पिशवी

पहिल्या परीक्षेत आख्ख्या कॉम्प्युटर क्लासात मी एकटाच पास झालो, असं समजून मी पेढे वाटले.

निकालाचा प्रोग्रामही मीच लिहिला होता. लूपमध्ये एकेक नाव तपासून पास झालेल्या सगळ्यांची यादी माझ्या मेथडने, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याने, परत द्यायची होती. तिने एकच नाव दिलं, माझं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुबडे मॅडमनी आधी पेढा खाल्ला, मग स्क्रीन पाहिली.

"रिटर्न लूपच्या आत लिहिलं ना रे तू? पहिलं नाव भेटलं का पळाला वापस!"

रोल नंबर पहिला असणं, एवढंच माझं कर्तृत्व. मॅडमनी खुंटीवरची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "बजारात जाय. वांगी, मेथी, मिरच्या आण. नुसती वांगी घेऊन आला तर घरात घेईन काय तुले? पिशवी घरून रिकामी नेजो, दुकानोदुकानी भरजो, अन् सगळं झालं का मंगच आणून देजो. झाली मेथड."

हिंगणघाटात कापसाच्या जिनिंग यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास. हंगामात कीबोर्डवर कापसाची तूस बसायची. मॅडम ती पदराने झटकत झटकत आमच्या चुका शोधायच्या. एखाद्याने रिकामी यादी लूपच्या आत बनवली, की म्हणायच्या, "दर दुकानात नवी पिशवी घेतली काय? पहिली वांगी कुठं फेकली मंग?" आणि चुकणाऱ्याला बाजारात धाडायच्या. माझ्या काळात त्यांच्या घरी भाजी कधी कमी पडली नाही.

यंदा मॅडम कायमच्या पुण्याला लेकीकडे निघाल्या. क्लास पुढे चालवायची माझी इच्छा होती, पण न्यायला आलेली लेक माझ्यासमोरच म्हणाली, "आई, कोण्या हुशार माणसाले दे न."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. बसला वेळ होता. तीच पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. नातवासाठी गोरसपाक बिस्किटं, शिवाय तुरीची डाळ, लाल मिरच्या. ही माझी परीक्षाच होती. मी दुकानोदुकानी फिरलो, एकेक वस्तू नीट पाहून घेतली आणि धापा टाकत परत आलो.

"सगळं घेतलं, मॅडम! एकही वस्तू सोडली नाही."

"शाबास. पिशवी कुठाय?"

पिशवी शेवटच्या दुकानाच्या काउंटरवर होती.

लेकीने कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हसता हसता खुर्चीत बसल्या. "यादी भरली, अन् रिटर्नच विसरला!" मग कमरेची क्लासची किल्ली काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि लेकीला म्हणाल्या,

"पोरायले इतक्या मन लावून चुका कोण करून दाखवन? हुशार माणसाले नाई जमत ते."