भिऊ नका, अम्मा

आमच्या तळमजल्यावरचे काका निवृत्त शिपाई. श्रीलंकेतल्या यादवीच्या वेळी भारतीय शांतिसेनेतून त्यांची पायदळाची पलटण तिकडे गेली होती. बरीचशी कोकणातली पोरं. दार सताड उघडं असलं तरी कुणी “या” म्हटल्याशिवाय काका घरात पाऊल टाकत नाहीत.

परवा पनवेलच्या एसटी स्टँडवर आम्हा दोघांना एक चुकलेली तमिळ आजी रडताना दिसली. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, “बयप्पडादींग, अम्मा.” भिऊ नका. आजीने त्यांचा हात घट्ट धरला, तो सून येईपर्यंत सोडला नाही.

नंतर मी विचारलं, “काका, तमिळ कुठे शिकलात?”

“तिकडंच. घरांची झडती घेताना आमी हेच बोलायचो. पण हातात बंदूक हाय म्हटल्यावर कोण ऐकतंय? आज पयल्यांदा कुनाला खरं वाटलं.”