लाल दोऱ्याची पुस्तकं

माझे मामा मदरशाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं होते. पुस्तकं शिवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे त्यांचा हट्टीपणा मी जवळून पाहिला. त्यांच्या लेखी ज्ञानाची कपाटं दोनच. एकात ऐकून, जपून पुढं दिलेलं: कुराण, हदीस, शरियत. दुसऱ्यात माणसानं डोकं चालवून मिळवलेलं: गणित, वैद्यक, तारे. हे दुसरं चटकन सापडावं म्हणून त्या पुस्तकांच्या पाठीवर मी लाल दोरा घालायची.

"हेही धर्माचंच काम," मामा म्हणायचे. "गावात एक जण वैद्यक शिकला की बाकीचे सुटले. कुणीच नाही शिकलं, तर सगळ्यांच्या माथी दोष." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यांचा लाडका चेला पुढं मदरशाचा मुख्य झाला. आमच्याच घरी जेवून वाढलेला, भागाकारसुद्धा मामांकडे शिकलेला. एकदा येऊन म्हणाला, "उस्ताद, लाल दोऱ्याच्या पुस्तकांची यादी द्या ना. त्यांची वेगळी सोय करायचीय."

मामा हुरळले. तीन आठवडे बसून वळणदार अक्षरात दोनशे बारा नावं लिहिली. "बघ, पोरानं नाव राखलं," मला म्हणाले.

सोय झाली. आठवड्याभरात रद्दीवाल्याचा टेम्पो आला. मामांचीच यादी हातात धरून रद्दीवाला एकेका पुस्तकावर खूण करत गेला.

"ही दुनियेची विद्या, उस्ताद. शाळेत शिकतील की. इथं दीन, धर्माचं तेवढंच राहू दे," चेला म्हणाला.

"मी कपाटं दोन केली होती," मामा म्हणाले. "घरं दोन तू केलीस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या माणसाचं थोबाड फोडावंसं मला वाटलं, अजूनही वाटतं. मामांनी किल्ल्या ठेवल्या आणि घरी बसले. महिनाभर त्यांनी एक पान उलटलं नाही.

पुढल्या वर्षी ओढ्यापलीकडे नमाजासाठी नवी इमारत निघाली. गवंडी विचारू लागला, भिंत मक्केकडं हवी, तर नेमकी कुठल्या तोंडानं? तेव्हा फोनवर दिशा दिसत नव्हत्या. दोघांनी दोन होकायंत्रं आणली, दोन्हींचं जमेना. शेवटी चेला आमच्या दारात.

"उस्ताद, ते ताऱ्यांचं पुस्तक…"

"यादी तुझ्याकडं आहे. सत्तेचाळिसावं."

मी दार लावणार, तेवढ्यात मामांनी चपला घातल्या. "कशाला जाता?" मी चिडून विचारलं.

"एकानं तरी करायला हवं."

भर दुपारी त्यांनी काठी रोवली, सावली मोजून उत्तर धरली, पाठ असलेल्या मक्केच्या कोनावर दोरी ताणली. गवंड्यानं चुना टाकला. चेल्याचे डोळे भरले होते. मामांचा हात धरायला त्यानं हात पुढं केला.

मामांनी त्या हातात दोरीचं टोक दिलं.

"पुढच्या वेळी मी नसेन," ते म्हणाले. "पुस्तक कुठं पाठवलंस, ते तुलाच ठाऊक."