पाहुण्याच्या चालीनं

रोज पहाटे अंथरुणातून उठण्याआधी झुंबरबाई दोन्ही गुडघ्यांवर चापट मारायची आणि त्यांना शिवी घालायची, “उठा की, मुडद्यांनो!” मग गुडघे उठत, त्यांच्यामागून ती.

गारगोटी गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर धनगरवाडा. दुधाची किटली डोक्यावर घेऊन ती खाली उतरायची, रिकामी घेऊन चढायची. श्रावण लागला की गौरी जाईपर्यंत तिन्हीसांजेला बिरोबाच्या देवळापुढं बायकांच्या फुगड्या रंगत. पहिली गिरकी झुंबरबाईची. ती नसली तर बायका नुसत्या उभ्या राहत.

गेल्या साली शहरातून तब्येतीचा अभ्यास करणारी मंडळी आली. चुन्याच्या दोन रेघा मारून म्हणाली, जमेल तितकं भरभर चाला. घड्याळ धरून एक पोरगा शेजारनं चालू लागला. अर्ध्यातच त्याला धाप लागली. पाहुण्याला मागं टाकून पुढं जायची रीत वाड्यात नाही. झुंबरबाईनं पाय आवरले. तिचं बघून सगळ्या बायकांनी आवरले.

पुढं ग्रामसभेत कर्ण्यावरून निकाल वाचला गेला: धनगरवाड्यातल्या बायकांची ताकद निकृष्ट. हा शब्द तिनं आजवर रेशनच्या तांदळाबद्दल ऐकला होता. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या तोंडात कडू पाणी आलं. घरी आल्यावर लेक आकाराम म्हणाला, “आता फुगडी बंद, आये. पडलीस तर लोकं मला हसत्याल.” त्या साली देवळापुढं गवत वाढलं.

यंदा श्रावणात अनुजा आली. गडमुडशिंगी गावची, त्याच अभ्यासातली नवी बाई. “आजी, यंदा तुमच्यात काय कमी आहे ते विचारणार नाही. बळ कशात आहे ते बघणार.”

झुंबरबाईला शिसारी आली. “नासलेल्या दुधात साखर घालून आणलीस व्हय गं?”

“नासवलं आम्हीच,” अनुजा म्हणाली. “आता कसं बघायचं ते तुम्ही सांगा.”

“पयलं त्या पोराला घरी ठेव. लेकरू दमलं म्हणून आमी सावकाश चाललो, आन् तुमी आमास्नी कर्ण्यावर नागवं केलंसा!”

मग अनुजानं फुगडीच मोजायची ठरवली, आणि बायकांना आधी ऐकवल्याशिवाय एक ओळही बाहेर वाचणार नाही, असं देवापुढं कबूल केलं. आकारामच्या देखत तिनं स्वतः झुंबरबाईचे हात धरले. चार गिरक्यांतच अनुजा मटकन खाली बसली. बायका खिदळल्या, “पावणं, पानी आणू का?” दुसऱ्या दिवशी आकाराम विळा घेऊन देवळापुढचं गवत कापायला गेला.

दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेला जुना निकाल मात्र तसाच राहिला. अनुजानं सांगून बघितलं, भांडून बघितलं, कुणी काढला नाही. समोरनं जाताना झुंबरबाई पचकन थुंकायची. तोंडातला कडूपणा काही जात नव्हता.

गौरी जायच्या आदल्या रात्री ती झोपेतच गेली. त्या सांजेला घरातनं निघताना आकारामला म्हणाली होती, “भाकरी बुट्टीत हाय, आमटी चुलीवर. तुझं तू वाढून घे. मी खेळाय चाललो.”