पायाला मासा चालत नाही

पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. गोदावरीचं पाणी हातात घेऊन सांगायला तयार आहे. आता, ते पाणी हातात घेऊन मी आजवर जे जे सांगितलं त्यातलं बरंचसं खोटं निघालं, हेही तितकंच खरं. आमच्या लीला सिस्टर तर मी 'शपथेवर सांगतो' म्हटलं की चहाला उठतात. तुम्ही बसा.

पंचवटीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी ड्रेसर आहे. म्हणजे जखमा धुवायच्या, पुसायच्या, बांधायच्या. याच कामात केस पिकले. ड्रेसिंग रूममध्ये किस्से का साठतात म्हणाल, तर पट्टी सोडताना दुखतं, आणि दुखण्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून माणूस बोलत सुटतो. पुढे जखम भरते, माणूस जातो, गोष्ट इथंच राहते. कधी जखम भरत नाही, तरी माणूस जातो. गोष्ट तेव्हाही राहतेच.

हे सगळे किस्से माशाच्या कातडीचे आहेत, आणि दामूअण्णांच्या पायाचे.

*

दामूअण्णा म्हणजे रामकुंडावरचे जुने गुरुजी. दशक्रिया, अस्थिविसर्जन, पिंडदान, सगळं आयुष्य घाटावर गेलं, तेही अनवाणी. शुगर जुनी. तिनं तळपायाची जाणीव कधी नेली ते त्यांना कळलंच नाही. एका मे महिन्यात तापलेल्या फरशीवर उभं राहून ते कुणाच्या तरी वडिलांचा विधी सांगत होते. यजमान रडता रडता थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, कसला वास येतोय हो?"

वास अण्णांच्या तळपायाचा होता.

वासाचं मी जरा वाढवून सांगतो. पण फोड आधी यजमानाला दिसला आणि मग अण्णांना, हे खुद्द अण्णांनीच सांगितलेलं.

त्या फोडाची जखम झाली, ती काही भरेना. मुलगा सुहास अंबडला कंपनीत. शिफ्ट सांभाळून तो अण्णांना स्कूटरवर आणायचा आणि बाहेरच्या बाकावर बसवायचा. आमच्या सर्जन निकम मॅडम सटाण्याकडच्या, बोलणं सरळसोट. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अण्णा, ही भरली नाही तर पाय ठेवता येणार नाही."

"कुठं ठेवता येणार नाही?"

"अंगाला."

अण्णा हसले. सुहास हसला नाही.

*

मग मॅडमनी ती कातडी मागवली. खोका आला त्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधून तयार होतो. उघडलं तर आत पाकिटं, आणि पाकिटात कागदासारखी पांढरट, कोरडी चकती. वास म्हणाल तर शून्य. मी सगळ्यांना सांगत सुटलो की खोका आल्यापासून दवाखान्याची मांजर ड्रेसिंग रूमच्या दारातून हलायला तयार नाही.

"ती गेल्या वर्षापासून तिथंच झोपते," लीला सिस्टर म्हणाल्या.

"पण आता जागी असते," मी म्हणालो.

कातडी काय करते हे मॅडमनी दिंडोरीच्या एका बागाईतदाराला समजावलं तेव्हा आम्हालाही समजलं. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला लागून त्याची पोटरी भाजली होती. "माशाची कातडी साफ करून त्यातल्या पेशी काढून टाकतात. मागे उरते ती कोलॅजनची जाळी. तिच्यात माशाची थोडी चरबीपण राहते, ती सूज आवरते. जाळी जखमेवर बसवली की तुमच्या पेशी तिच्यावर चढतात. मांडवावर द्राक्षाचा वेल चढतो ना, तसं."

तो खूश झाला. म्हणाला, "मग छाटणी कधी घ्यायची?"

"आधीच घ्यायची असते," मॅडम म्हणाल्या आणि मेलेलं मांस काढायला त्यांनी कात्री उचलली.

त्यानंतर त्यानं शेतीचा विषय काढला नाही.

*

दामूअण्णांना हे सांगायचं कुणी, यावर आमच्यात फार चर्चा झाली. घरात कांदा-लसूणही चालत नाही असा माणूस. सुहासनं हात टेकले होते. शेवटी मॅडमनीच भाषण तयार केलं. औषध आहे, अन्न नाही, पोटात काही जात नाही, वगैरे. अर्ध्यातच अण्णांनी त्यांना थांबवलं.

"मॅडम, मला खायची नाही ना? लावायचीच आहे ना? मग औषधाला कसला दोष?"

सुहासनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. इतका हलका झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मॅडमनी पाकीट हातात घेतलं. फोडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पण पायाला नाही हं चालणार."

"म्हणजे?"

"मत्स्य हा पहिला अवतार. त्याला मी तळपायाखाली घालू? हाताला लावा, पोटाला लावा, डोक्याला लावा. पायाला नाही."

लीला सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, जखम पायाला आहे."

"ती माझी अडचण आहे, देवाची नाही."

मी म्हणालो, "अण्णा, अवताराच्या माशाला शिंग होतं. ही साधी तिलापिया. मुळात आपल्याकडची नाहीच, आफ्रिकेतून आलेली."

"बापू, देव काय पासपोर्ट बघून अवतार घेतो?"

पाकीट परत कपाटात गेलं.

*

यातली खरी गंमत पुढे आहे. त्या बाकावर बसून अण्णांनी बाकी सगळ्यांना ती कातडी लावायला लावली.

अंबडच्या एका कारखान्यातल्या प्रेस शॉपमधला एक पोरगेला कामगार आला. मनगट भाजलेलं. सगळं ऐकून घेऊन त्यानं विचारलं, "मॅडम, माझा गुरुवार असतो. गुरुवारपुरती काढून ठेवायची काही सोय?"

"आहे ना," लीला सिस्टर म्हणाल्या. "बुधवारी संध्याकाळी हात इथं ठेवून जा."

तो बिचारा उठायला लागला. दाराबाहेरच्या बाकावरून अण्णा म्हणाले, "बस रे. गुरुवार पोटाचा असतो, मनगटाचा नसतो. मी सांगतो, लाव."

गुरुजीच म्हणतात म्हटल्यावर तो बसला. मनगट छान भरलं. फक्त भरेपर्यंत त्याच्या मशीनवर दुसरा माणूस घेतला गेला होता. हे सांगायला तो मुद्दाम येऊन गेला. मनगट फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "सगळं फिरतंय बघा. आता फिरवायला काही नाही."

ताराबाई मासे विकायच्या. कढईतलं तेल दंडावर सांडलेलं. त्या तर कातडीचं नाव काढताच बिथरल्या. "जलमभर मी त्यांचे खवले काढले. आता त्येच येऊन माझ्या अंगाला चिकटणार व्हय? सूड हाय ह्यो."

अण्णांनी त्यांना शांतपणे समजावलं. म्हणाले, "बाई, सूड घ्यायचा असता तर मासा मेल्यावर तुमच्या कामाला आला असता का? क्षमा केलीय त्यानं."

ताराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दंड पुढे केला. कातडी बसल्यावर त्यांनी विचारलं, "कोणता मासा म्हनायचा ह्यो?"

"तिलापिया," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे चिलापी?" ताराबाईंचा चेहरा पडला. "एवढं मोठं खोकं, एवढी पाकिटं, अन् आत चिलापी? सुरमई नव्हती का?"

त्या दिवशी अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाय स्टुलावर होता. पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं.

*

एकदा मला एक युक्ती सुचली. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही आडवे झोपा. पाय उशांवर उंच ठेवू. मग कातडी तुमच्या पायाखाली कुठं येते? ती वर, तुम्ही खाली."

मी थट्टेत म्हणालो होतो. अण्णांनी ते मनावर घेतलं. घरी जाऊन दिवसभर विचार केला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "बापू, तू म्हणतोस त्याला आधार सापडू शकतो. पण उठलो की?"

मॅडमना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. "उठायचंच नाही, अण्णा! मी तरी दुसरं काय सांगतेय? या पायावर वजन पडता कामा नये. जखम भरेपर्यंत पडून राहायचं."

अण्णा म्हणाले, "उद्या एक मंडळी येतायत जळगावहून. त्यांच्या आईचा दहावा आहे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या त्यांचं काम."

"दुसऱ्या गुरुजींना सांगा."

"सांगितलं असतं. पण बाई मला ओळखायची. नवऱ्याच्या वेळी आली होती तेव्हा म्हणाली होती, माझंही तुम्हीच करा." मग ते मॅडमना समजावल्यासारखं म्हणाले, "जिवंत माणसाला थांब म्हणता येतं हो. मेलेल्याला कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी ते घाटावर उभे राहिले. सुहासनं त्यांच्या पायात चपला घातल्या होत्या, त्या पायरीवरच निघाल्या.

*

पायाचा रंग बदलायला लागला तसा सुहास मॅडमच्या केबिनमध्ये आला. मी पट्ट्यांचं सामान आणायला आत होतो. तो म्हणाला, "मॅडम, न सांगता लावा. पट्टीच्या आत काय आहे त्यांना कुठं दिसतं? पाप लागलं तर मला लागू दे."

लीला सिस्टर म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं."

मी म्हणालो, "त्यांनी विचारलं तर मी सांगेन ना. साधी जाळीची पट्टी आहे म्हणेन."

"तुम्ही खरं बोललात तरी कुणी मानत नाही, बापू," लीला सिस्टर म्हणाल्या.

"पण अण्णा मानतात," मी म्हणालो.

तिथंच माझं चुकलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा निर्णय झाला. "म्हणूनच नाही लावायची. पाय त्यांचा आहे. आपल्याला तो वाचवायचाय, पळवायचा नाही." मग सुहासला म्हणाल्या, "आणि लावली तर वाचेलच असंही मी लिहून देत नाही. रक्तच खाली पोचत नाहीये."

सुहास म्हणाला, "पण नाही लावली तर?"

बाहेर बाकावर अण्णा एका नव्या पेशंटला सांगत होते, "घाबरू नका, माशाला क्षमा माहीत असते."

*

पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

ऑपरेशननंतर टाक्यांची एक बाजू उघडली. शुगर आवरेना. एका सकाळी मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेलो तेव्हा मॅडम आधीच तिथं उभ्या होत्या. सुहास उशाशी. अण्णा वाळून निम्मे झाले होते, पण चेहरा धुतलेला, कपाळाला गंध. मी पट्टी सोडायला लागलो तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, ती तुमची माशाची कातडी. अजून आहे का?"

"आहे, अण्णा."

"मग लावा की."

पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. सुहासनं मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. शेवटी मीच विचारलं, "अण्णा, आता कसं काय चालतं?"

त्यांना माझा प्रश्नच अडाणी वाटला. पांघरुणाच्या सपाट झालेल्या भागाकडे बोट करून ते म्हणाले, "अरे, पाऊल कुठंय आता? देवाला पायाखाली घालायचा प्रश्नच मिटला."

मॅडमनी पाकीट फोडलं. कातडी सलाईनमध्ये भिजवली, ओली झाल्यावर ती मऊ पडली, आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं बसवली. अण्णांनी हात जोडले. सुहास खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी वरून पट्टी बांधली. आजवर बांधली नसेल इतकी हळू बांधली.

जाळी धरली. तिच्यावर पेशी चढल्या, कडांनी गुलाबी मांस आलं. जखम भरली. अण्णा आता घाटावर खुर्ची टाकून बसतात आणि बसल्या बसल्या विधी सांगतात.

यात एवढंच मी घातलेलं आहे, 'जखम भरली' या वाक्यापासून पुढचं.